मनाईतला मचवा

(साल १९३१. रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात तडजोडीवर सह्या करून दोघे मेहुणे किनाऱ्यावर आले आहेत.)

फारुक – हाच आपला मचवा?

नासिर – हाच. ओळखला नायस ना?

फारुक – पार काळा पडलाय, नासिरभाय.

नासिर – तीन पावसाळे उघड्यावर पडून होता. निकाल लागेपर्यंत कुणीच पाण्यात घालायचा नाय, अशी कोर्टाची मनाई.

फारुक – मनाई तू आणलीस.

नासिर – आणि दावा तू लावलास. तुझ्या बाबांनी घरात सगळ्यांसमोर मला निम्मा दिला होता. ते गेले आणि तू म्हणालास, कागद दाखव.

फारुक – वकील म्हणाला, कागद नाय तर हक्क नाय.

नासिर – वकील त्यांना ओळखत नव्हता. तू ओळखत होतास.

फारुक – ही फळी मऊ लागतेय.

नासिर – ती फळी दाब बघू.

फारुक – अंगठा आत जातोय.

नासिर – सगळीकडे तसंच आहे. काल धाकू सुतार बघून गेला. म्हणाला, हा आता दर्यात जायचा नाय.

फारुक – मग पंचांनी निम्मं-निम्मं वाटलं ते काय?

नासिर – लाकूड.

फारुक – जज्जसाहेब पहिल्या वर्षीच म्हणाले होते, घरातलं भांडण आहे, पंच नेमा. आता नेमले, तर त्यांनी एका बैठकीत मिटवलं. पण तेव्हा मला निकाल हवा होता. जिंकलो म्हणून गावात फिरायचं होतं.

नासिर – मलाही तेच हवं होतं. पंच नकोत म्हणून मीही अडून बसलो होतो.

फारुक – तू सगळाच घे. मला काय करायचाय.

नासिर – नको. मला दिला होता तो निम्माच. डोलकाठी धड आहे, ती तू ने.

फारुक – रहिमा कशी आहे?

नासिर – बहिणीची चौकशी आज करतोयस.

फारुक – ती तुझ्या बाजूनं साक्षीला उभी राहिली.

नासिर – बाबांच्या तोंडून ऐकलं तेवढंच तिनं सांगितलं. तुझ्या वकिलानं भर कोर्टात तिला खोटी ठरवली. तू मान खाली घालून बसला होतास.

फारुक – ती खरं बोलत होती. मला ठाऊक होतं.

नासिर – तुला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

फारुक – आज घरी येऊ?

नासिर – ये. ती बोलेल असं मात्र सांगवत नाय.