पेडल थरथरला तर पाय काढूचो नाय

माझो जन्म हयसरचोच, तोंडवलीचो. बापूस होडयेवर जाय. लग्न झाला ता पण गावातच. आमचे हे गाड्यांचे मेस्त्री, मुंबयत शिकले आणि गावाक येवन रस्त्याच्या कडेक पत्र्याची शेड घालून गॅरेज काढल्यांनी. काय सांगू तुमका, बोलूची तेंका भारी हौस, हात गाडीत आणि तोंड चालू. मोबाईल इलो तसे व्हिडिओ करूक लागले, क्लच कसो बसवचो, बॅटरी कशी जपूची. मोबाईल धरणारी मी. म्हणायचे, हात हलवू नको गो, लोकांक चक्कर येतली. कोणी खालती लिवला, मेस्त्री, तुमच्यामुळा गाडी चालू झाली, की त्या दिवशी दोन घास जास्ती जेवायचे.

तेतलोच एक एबीएसचो. जोरात ब्रेक मारलो तर चाक घसरा नये म्हणान नव्या गाड्यांत असता तो. हे शिकलेले जुन्या गाड्यांवर. तेंनी सांगल्यांनी, ब्रेक मारताना पेडल थरथरता म्हणजे एबीएस बिघडलो, तेचो फ्यूज काढून ठेवा, काय फरक पडणा नाय. माका त्यातला काय कळतला?

मगे हे गेले, हार्टाचा दुखणा. माझी भांडी आटापली की मी दुपारी तेंचे व्हिडिओ लावन बसायचंय. आवाज ऐकूक.

एक दिवस तेंच्या मोबाईलवर वैभववाडीच्या माणसाचो फोन इलो. हे गेले ता तेका ठावक नाय. व्हिडिओ बघून फ्यूज काढलेल्यान, आणि घाट उतारताना ओल्या रस्त्यार गाडी घसारली, स्टेअरिंग फिरवल्यान तरी सरळच गेली कठड्यार. बायकोचो हात मोडलो. रागान नाय, हळू बोललो. वहिनी, मेस्त्रींका एवढाच सांगा, तो व्हिडिओ काढून टाका. सांगतंय म्हटलंय आणि फोन ठेवलंय. सांगू कोणाक?

ओरोसाक ह्यांचे दोस्त आसत, ते पण मेस्त्री. तेंच्याकडे गेलंय. ते म्हणाले, वहिनी, थरथर म्हणजे बिघाड नाय, एबीएस काम करता तेची ती खूण. पाय दाबूनच धरूचो. एबीएसचो दिवो पेटान रवलो तर गाडी तपासून घेवची, फ्यूज काढूचो नाय.

जुनो व्हिडिओ काढतंय आणि नवो घालतंय म्हटल्यार भावजी, म्हणजे माझे दीर, तापले. मेलेल्या माणसाक खोटो पाडतलंस?

मी म्हटलंय, भावजी, तेंका आता स्वतः सांगूक येवचा नाय. मी नाय सांगलंय तर कोण सांगतलो?

चाय तशीच ठेवून गेले.

ओरोसच्या मेस्त्रींनी मोबाईल धरलो आणि मी बोललंय. माझ्या घोवान चुकीचा सांगलेला, इतक्यारच मोबाईल बंद करूक सांगलंय. परत पयल्यापासून बोललंय. लोकांनी बरा लिवल्यांनी, पण मेस्त्रींका कायच कळत नव्हता असा पण लिवल्यांनी. ता वाचून वायट वाटला. हयात असताना कोणी सांगला असता तर ह्या माणसान लाजूचा सोडून त्या चुकीचेच दोन व्हिडिओ केले असते.

वैभववाडीच्या बायचो हात बसलो, परवा फोन केल्यान, भाकऱ्या थापतंय म्हणाली. भावजी काय अजून येनत नाय. चतुर्थीकसुद्धा इले नाय. ह्यांका राग इलो नसतलो असा मी धरून चलतंय. तुमका घाटान जावचा आसा मा? सावकाश जावा. देव सांभाळू दे.