वामनराव मास्तरांचे डोळे

जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि यशोदावहिनी,

बोलणं जड जातंय. त्याचं पहिलं कारण दुःख असायला हवं होतं. पण पहिलं कारण घाम आहे. कमिशनरसाहेबाला पंखा ओढणारा माणूस असतो; आम्हा जठारपेठकरांच्या नशिबी या सभागृहाची एकुलती एक खिडकी. तिच्यावरही आत्ताच सतरंजी लटकवली. अकोल्याच्या वैशाखात माणसाचा वारा तोडणं हा फौजदारी गुन्हा व्हायला हवा. मी वकील आहे, कलम शोधून ठेवीन.

सतरंजी कशासाठी? अध्यक्षांच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येत होती म्हणून.

आणि अध्यक्ष कोण? सूर्यसाधक तेजोनाथ महाराज.

हसू नका. ही शोकसभा आहे.

महाराज अचलपुराहून आले आणि आमच्या वामनरावांना, तुमच्या मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांना, म्हणाले, "उघड्या डोळ्यांनी सूर्य प्या. रोज थोडं वाढवा. मधुमेह जाईल, चष्मा जाईल, आत्मा उजळेल." अहो, अर्घ्य आपले वाडवडीलही देत. पण त्यांची नजर ओंजळीतून पडणाऱ्या पाण्यावर असे. सूर्यानं नमस्कार मागितला. डोळे कधी मागितले?

मास्तर पाहत राहिले. नजरेच्या मधोमध काळा डाग आला. घाबरून विचारायला गेले, तर महाराज म्हणाले, "हीच प्राप्ती!" मास्तरांनी पेढे वाटले. मग एक दिवस मला म्हणतात, "वकीलसाहेब, तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही नफ्यात आहात." आम्ही दोघं हसलो. वहिनी कडाडल्या, "हासून काय राहिले, भाऊजी? यायले ताटातली भाकर दिसत नाही. चाचपून खाऊन राहिले!"

गेल्या आठवड्यात, साधना आटोपून गच्चीवरून उतरताना मास्तरांना पायरी दिसली नाही. भर सकाळी. लख्ख उजेडात.

त्या गच्चीवर मी एकदाच गेलो होतो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान खाली घातली, आणि तेव्हा मला दिसलं. शिष्य पूर्वेकडे तोंड करून उभे. महाराज शिष्यांकडे तोंड करून उभे. मग सूर्य कुठे? महाराजांच्या पाठीमागे! रोज! महाराज, सूर्यानं तुमची पाठ रोज पाहिली. तुम्ही त्याला कधी पाहिलंत? बोला ना. सतरंजीकडे काय पाहता, ही उलटतपासणी आहे.

एवढे शिकलेले शिष्य, कुणाच्याच ध्यानात कसं आलं नाही? कारण ते बिचारे सूर्याकडे पाहत होते.

आणि आता टेबलावर ठराव आहे. मास्तरांची अपुरी साधना उद्या पहाटेपासून वहिनींनी पुरी करावी! वहिनींना कुणी विचारलं? मी विचारलं. म्हणाल्या, "मले नाही पाहायचं, भाऊजी. पण चार लोक म्हणतीन, नवऱ्यासाठी इतकंबी केलं नाही." ते चार लोक इथेच बसलेत. ठराव ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा. मात्र उद्या वहिनींच्या जागी त्यांनीच गच्चीवर उभं राहायचं. आणि पहिल्या रांगेत महाराज, पूर्वेकडे तोंड करून.

कुणीच नाही? महाराज, तुमचाही हात नाही? ठराव पडला.

मला सूड हवा आहे, लपवत नाही. महाराजांचे डोळे मला नकोत, ते सुखरूप राहोत. पण बाळापूर असो की अमरावती, वऱ्हाडात हे जिथे जिथे उभे राहतील, तिथे लोकांनी आधी एवढंच म्हणावं, "महाराज, जरा वळा."

शेवटचं. या टोपलीत भक्तांनी महाराजांच्या पायी वाहिलेले चष्मे आहेत. जाण्याच्या आदल्या दिवशी मास्तर हळूच म्हणाले होते, "हिचा चष्मा मीच हट्टानं उतरवला आणि टोपलीत टाकला. वकीलसाहेब, तेवढा सोडवून आणाल?" मी हो म्हटलं होतं.

थांबा, महाराज, टोपली ओढू नका.

वहिनी, हा घ्या. दांडीला दोरा गुंडाळलेला, तुमचाच ना? लावा.

आता आपण सगळे उभे राहू. क्षणभर कुणी बोलू नका. डोळे मिटा.

वहिनी, तुम्ही नका मिटू. समोर मास्तरांची तसबीर आहे. नीट पाहून घ्या.