हळद लावलेला ट्यूना

हसू नका हां, पण अंधेरीच्या त्या पोके बाऊलच्या हॉटेलात माझा पहिलाच दिवस होता. हा हवाई बेटांवरचा पदार्थ मी कधी पाहिलाही नव्हता. शेफने ट्यूना माशाचे तुकडे करायला सांगितले. मी केले आणि घरच्या सवयीने हळद-मीठ चोळून ठेवले.

शेफ ओरडला, "अरे, हे काय केलंस?"

"तळायच्या आधी लावतातच ना, सर?"

"तळायचा नाही! भातावर घालून कच्चाच खायचा!"

"कच्चा? आणि लोक खातात?"

वाटलं, नोकरी गेली. त्याने दुसरा तुकडा सोया सॉसमध्ये बुडवून पुढे केला. "खा. चव सांगता आली तरच उद्या ये."

मी डोळे मिटून गिळला.

"कसा लागला?"

"अजून एक द्या ना, सर. पहिला घाबरण्यातच गेला."