जाळीबाहेरचा लांडगा

सोलापूरच्या स्टँडवर महिपती माढ्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची कॉलेजातली नात. नात मोबाईलवरून स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवत होती. ती संध्याकाळपर्यंत दिवाळी अंकाला पाठवायची होती. महिपतीनं जन्मभर मेंढरं राखलेली. लांडग्याचं नाव निघालं आणि त्याचे कान तिकडं वळले.

“पौर्णिमेला तो माणूस लांडगा होतो, आज्जे.”

“पुनवंला? चांदण्यात लांबनं दिसंल की त्यो! लांडगा अवसंला येतो.”

“बरं, अमावस्या करते. मग धनगर त्याला कुऱ्हाडीनं मारतो.”

“मारू नगंस गं.”

“अगं, खोटी गोष्ट आहे!”

“आमचा दादा तापानं गेला, त्या साली येक लांडगा रोज दिस मावळताना मेंढरांच्या जाळीबाहेर येऊन बसायचा. येक कोकरू उचललं न्हाय. आई म्हनायची, दादा राखनीला आलाय. बा कुऱ्हाड घेऊन उठला, तर आई आडवी आली.”

“हे कधी सांगितलं नाहीस!”

“तू कदी लांडग्याचं इचारलंस?”

“पण मारलाच नाही, तर गोष्टीत भीती कुठं राहिली?”

“भीती हाय की. रोज सांजंला बगायचो, आज येतोय का न्हाय.”

“मग?”

“सुगी झाली आन् यायचा थांबला. आईनं तीन दिस त्या माळावरनं मेंढरं हलवू दिली न्हाईत.”

“आज्जे, लांडग्याला दादाचंच नाव देऊ?”

म्हातारीनं मोबाईलवर बोट ठेवलं.

“दे. बिरू.”