सुनेचा जुगार

पुन्हा तोच किस्सा सांगायला लावता, मेल्यांनो! ऐका. माझी सून घरात बसून कंपनीचे शेकडो कॉम्प्युटर सांभाळते; कुठल्यावर किती भार, ते पडद्यावरच्या रेघा सांगतात. शेजाऱ्याला वाटलं, सट्टा. त्याने देवळात गाऱ्हाणं घातलं, "हिका जुगारातून सोडव रे महाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

दुसऱ्या दिवशी तोच आमच्या पडवीत. "बसचा तिकीट निघणा नाय रे!" ती तिकिटं सुनेच्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवरून निघतात. तिने शोधून एकेका कॉम्प्युटरची सकाळपासूनची रेघ काढली. सगळ्या आडव्या, एक माडासारखी उभी. "बाबांनू, ह्योच अडाकलो." तिने त्याचं काम दुसऱ्यांवर टाकलं. तिकीट निघालं. मी म्हटलं, "बघलंस माझ्या सुनेचो जुगार?"

तो तिकीट घेऊन गेला. देवळात माफीचं गाऱ्हाणं घालायचं अजून राहिलंय. "व्हय महाराजा" म्हणायला मी तयार बसलोय. ऐकलंस ना, दाजी शेजाऱ्या?