कुंकू लावलेलं मॉड्यूल

हॅलो?… हॅलो, हो, मधुकरच बोलतोय… कोण? श्रुतिका! अगं, तुझ्याच पत्राचं उत्तर… हो, नाही दिलं अजून, माहितीये मला. दिवाळीच्या आधी आलं होतं तुझं पत्र. कुंदा रोज म्हणते, साध्या पत्राला उत्तर द्यायला तुम्हाला पंचवार्षिक योजना लागते… नाही गं, राग कसला? आत्ता मुलुंडच्या पोस्टातच उभा आहे. उत्तर हातात आहे, फक्त पेटीत टाकायचं…

काय?… हळू बोल, हळू. कुठलं मॉड्यूल?… इनपुटचं… रेझिन शिजवायच्या केटलची सगळी तापमानं गेली? स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं?… अगं मग कंपनीच्या माणसाला बोलाव ना… उद्या येणार? झालं, वाट लागली.

नाही, नाही, मला नको विचारूस. मी तुमच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस. काहीतरी चुकीचं सांगेन आणि तुझ्या डोक्याला ताप… बरं. बरं, ऐकतोय… रेझिन आहे आत? कितपत शिजलंय?… म्हणजे थोड्या वेळात ते आपलं आपणच तापायला लागणार. तेव्हा वेळेवर कूलिंग नाही दिलं तर केटलमध्येच दगड होईल… हो, तुला माहितीये, मी आपलं मोठ्यानं बोलतोय.

थांब, बसतो जरा… अहो बाई, थोडं सरकता का? आभारी आहे.

हां, बोल. केटलपाशी कोण आहे?… अंबादास? छान. त्याला तिथल्या काट्याच्या मीटरसमोर उभा कर, वॉकीटॉकीवर आकडा सांगत राहू दे… आधीच केलंस? मग माझी काय गरज आहे?… बरं, बरं. कंट्रोलची लूप मॅन्युअलवर टाकलीस?… सगळी? कूलिंगचीसुद्धा?… मी सांगेपर्यंत… म्हणजे तू सांगेपर्यंत कुणी ऑटोला हात लावायचा नाही.

स्पेअर मिळालं?… दोन आणलीत? आणि दोन्ही सारखीच दिसतात. दिसणारच. एक थर्मोकपलचं असेल, एक ट्रान्समीटरचं. तोंडावळ्यावर जाऊ नकोस, जुन्याच्या कुशीवरचा नंबर वाच… अगं, शेवटपर्यंत वाच. शेवटचं अक्षरच महत्त्वाचं… जुळलं? तेच घे. दुसरं लांब ठेव, नाहीतर घाईत तेच उचलशील… मी उचललं असतं म्हणून सांगतोय.

मनगटाला पट्टा बांधलास?… अर्थिंगचा गं, घड्याळाचा नाही!

काय म्हणतोय ऑपरेटर? पॅनल बंद करू? अजिबात नको! बंद केलं तर बाकीचा प्लांटही आंधळा होईल. चालू असतानाच काढायचं… हो, जिवंत असतानाच बाहेर ओढायचं त्याला! घाबरायचं नाही!…

…नाही हो बाई, काही नाही. माणूस नाहीये तो… मॉड्यूल. म्हणजे कसं, फॅक्टरीत गरम किती, दाब किती हे मोजणाऱ्या सगळ्या तारा एका डब्यात येतात. तो डबा मेला की वर बसलेल्यांना काही दिसत नाही… हो, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससारखं. तसंच समजा.

हॅलो? आहेस ना?… तारांना हात लावू नकोस. त्या खाली बेसवर राहतात, मॉड्यूल तेवढं निघतं… निघालं? शाब्बास. आता दोन्ही शेजारी ठेव. पोटाला जोडणीचे छोटे जंपर दिसतायत?… जुन्यावर जसे आहेत तसेच नव्यावर लाव. सातवं चॅनेल नीट बघ. लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरला वीज बाहेरून येते, वर मॉड्यूलनंही दिली तर दोघांचं भांडण होतं… अजून सातवरच आहे ना तो? मला वाटलं, तुम्ही हलवला असेल… नाही? बघ, आठवतंय मला.

सरळ बसव. ठोसा मारायचा नाही… बसलं?… आणि दिवा?… लालच?… किती वेळ झाला?… तरी लालच?

सांगितलं होतं मी तुला, मला विचारू नकोस म्हणून. माझंच काहीतरी… काय म्हणतोय अंबादास? काटा चढायला लागला?… बरं. थांब. एक मिनिट थांब, मला विचार करू दे.

परत काढ. मागच्या पिना बघ. वाकलीय का एखादी?… नाही. मग?… लाल? पिनांवर लाल काय?… गंज असा नसतो. आणि सोन्याचा मुलामा असतो त्यांना, गंज येईल कुठून? वास घे… घे गं, हसू नकोस… हळदीचा?

श्रुतिका, आपला हेल्पर दत्ताराम कुठे आहे? दे फोन त्याच्याकडे.

काय रे दत्ताराम, बरो मां?… खंडेनवमीक कुंकू खंय लायलंस रे?… पॅनलाक. बरां. आणि?… स्टोअरातल्या स्पेअराक पण? खंय, पिनांक?… अरे, सगळे दाराक लायतत, तू एकटोच तोंडाक लायलंस!… काय? नवी सून म्हणान?… नाय रे, रागावत नाय. हसतंय मी. दे, बाईंका दे फोन.

ऐकलंस? नव्या सुनेला कुंकू लावलं त्यानं… तू नंतर हस, आधी ऐक. कॉन्टॅक्ट क्लीनर आहे ना? मॉड्यूल टेबलावर घे आणि पिनांवर मार. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं… साडी-बिडी नको, पदरानं पुसू नकोस… ड्रेस घातलायस? मग ओढणीनं पुसू नकोस. बेसवर मात्र स्प्रे मारायचा नाही, तो चालू आहे. तिथे कोरड्या हवेचा हलका झोत द्यायचा… तोंडानं फुंकर नाही! थुंकी जाते. आता वाळू दे. पूर्ण वाळू दे… हो, मला कळतंय काटा चढतोय. ऑपरेटरला सांग, कूलिंगचा व्हॉल्व्ह हातानं थोडा उघड. अंबादासचा आकडा बघत, थोडाच… झाला स्थिर? मग वाळू दे.

…अहो बाई, नाही, अजून नाही झालं. तुमचा नंबर आला वाटतं खिडकीवर… नंतर जाताय? बरं, बसा.

वाळलं? बसव… दिवा?…

बोल ना गं!… हिरवा? नक्की हिरवा? झकास!… हिरवा झाला हो बाई!

थांब, नाचू नकोस. आकडे आले स्क्रीनवर? अंबादासला विचार त्याचा काटा काय म्हणतोय… जुळतंय? अजून एकदा विचार… जुळलं. लेव्हलही आली? मग आता एक-एक करून ऑटोवर टाक. आधी कूलिंग… घेतलं? उतरतंय?… वाचली केटल. हुश्श.

कसले आभार, तूच केलंस सगळं. मी नुसता बाकावर बसून…

पत्रात?… ते येईलच ना पोस्टानं… अगं, तुझ्या नव्या ट्रेनी मुलांना शिकवायला यायला… नाही म्हणून लिहिलंय. ओरडू नकोस, बाईंना ऐकू जातंय… तू पत्र लिहिलंस तेच मुळी ‘फोनवर तुम्ही लगेच नाही म्हणता’ म्हणून. मी विचार करून नाही म्हटलं, एवढंच. त्या मुलांना सगळं येतं गं. त्यांच्यासमोर उभा राहिलो की मला माझंच नाव आठवणार नाही… पिनांचा वास घे हा काय अभ्यासक्रम आहे?… कोण बसणार वर्गात? दत्ताराम? पहिल्या बाकावर?… काय विचारतोय तो?… कुंकू मग लावायचं तरी कुठे?

…हसू नकोस. बरोबर विचारतोय तो. पुढच्या खंडेनवमीच्या आत कुणीतरी सांगायलाच हवं.

फोन ठेवू नकोस. ठेवलास तर माझा विचार बदलेल… अहो बाई, तुमच्याकडे पोस्टकार्ड जास्तीचं आहे का? हे दोरीला बांधलेलं पेन उमटत नाही… तुमचं देता? फार उपकार.

लिहितोय… ‘चि. श्रुतिका हिस अनेक आशीर्वाद. सोमवारी येतो.’ येण्याचा प्रयत्न करतो, असं लिहू का?… नको? बाईसुद्धा नको म्हणतायत. बरं, ‘येतो’. ‘पहिला धडा: कुंकू कुठे लावावे.’ सही केली.

नकाराचं? फाडलं. तिकीट वाया गेलं, कुंदा बोलणार… आलोय पेटीपाशी. टाकू?… आधी एकदा वाचून बघतो… बरं, बरं, नाही वाचत.

…पडलं. ऐकलंस आवाज?

आता काही इलाज नाही बघ. हे काही चालू असताना बाहेर ओढता येणारं मॉड्यूल नाही… ठेव आता, केटलकडे बघ. ठेव म्हणतो ना!