सासूबाई हाऊजीला आल्या तेव्हा

सोलापुरात समुद्र नाही, पण बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बायकांचं मंडळ आहे, हेच आमच्या सासूबाईंना पटेना. "नवरा तिकडं पाण्यात, अन् तुमी हितं मजा करणार व्हय?" म्हणाल्या. रविवारी मी निघाले, तर या चप्पल घालून दारात उभ्या! "मी बी येते. बगू तर काय चालतंय."

म्हटलं, संपलं आपलं मंडळ.

जुळे सोलापुरात एका मैत्रिणीच्या गच्चीवर हाऊजी सुरू झाली. कुणीतरी सासूबाईंच्या हातातही तिकीट दिलं. त्या तोंड वाकडं करून बसल्या. खेळ रंगात आला आणि माझा फोन वाजला. आमच्यात बोटीवरून फोन आला की खेळ थांबतो, कारण तिकडची रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. नंबर पुकारणं लगेच थांबलं. कितीतरी दिवसांनी ह्यांचा आवाज ऐकला. पहिला प्रश्न, "आई कशी आहे?"

मी स्पीकर लावून फोन सासूबाईंपुढं धरला.

त्यांनी तिकिटावरची नजरसुद्धा काढली नाही. "बाळा, मागनं कर की फोन! माझा एकच नंबर राहिलाय, अन् ह्या बायांनी तुझ्यापायी खेळ थांबवलाय!"